हात कुणी लावला?

“आधी हात कुणी लावला होता?” बॉनेट उघडायच्याही आधी उस्तादांनी विचारलं, आणि विचारलं ते माझ्या धाकट्या भावाकडे बघून. भावाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “मी.” उस्तादांनी मान डोलावली, हातातल्या बोळ्याला बोटं पुसली आणि पुन्हा भावालाच म्हणाले, “नाही, म्हणजे काम कुणाकडे केलं?” नाशकात द्वारका चौकाच्या मागे गॅरेजांची गल्ली आहे, त्या गल्लीत पायाखाली जमीन दिसत नाही, ऑइल मुरून मुरून काळी पडलेली माती दिसते. जळक्या क्लच प्लेटचा वास, पलीकडच्या टपरीवरच्या वड्यांचा वास, आणि कुठेतरी एकसारखं चालू असलेलं ग्राइंडर. भाऊ म्हणाला, “ताईनेच केलं. हेड उतरवलं, फेसिंग करून आणलं, परत बसवलं. मी पाने देत होतो.” मग उस्ताद हसले. वाईट हसले नाहीत. पण तो पहिला प्रश्न माझ्याबरोबर घरी आला आणि बरेच दिवस मुक्काम ठोकून राहिला.

बाईने इंजिन उघडलं याचं नवल वाटणारे मला नवे नाहीत, त्याचं काही नाही. टोचलं ते दुसरंच. डॉक्टर, वायरमन, नळवाला, सगळे हाच प्रश्न विचारतात आणि प्रश्नाच्या पोटात उत्तर आधीच बसलेलं असतं: कुणीतरी हात लावला म्हणून हे झालं. खरं सांगायचं तर त्या दुपारी मलाही तसंच वाटत होतं. नुसतं वाटत नव्हतं, तसंच असावं अशी इच्छा होती. या इच्छेचं मला नंतर फार नवल वाटलं.

गाडी मारुती ८००, १९९८ची, कार्बोरेटरवाली. पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलेली आणि तेव्हापासून मुदत वाढवत वाढवत चाललेली. आमच्याकडे ती तिसऱ्या मालकाकडून आली. कंपनीने ८०० बनवणं जानेवारी २०१४मध्ये थांबवलं, पण द्वारकेला अजून तिचं जवळजवळ काहीही मिळतं, फक्त असली कुठलं आणि डुप्लिकेट कुठलं ते डबीवरचं छापकाम न्याहाळून ठरवावं लागतं. या गाडीचं मला सगळ्यात आवडतं ते हे की बॉनेट उघडलं की इंजिनाच्या आजूबाजूला खालची फरशी दिसते. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इवलंसं इंजिन, सगळीकडे हात पोचतो. हल्लीच्या गाड्यांचं बॉनेट उघडलं की प्लॅस्टिकचं काळं झाकण दिसतं, त्यावर कंपनीचं नाव, आणि त्याखाली जे काही आहे ते आपल्यासाठी नाही असा एकंदर सूर.

गेल्या जानेवारीत, निफाडकडचे द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या करत होते त्या कडाक्यात, गाडीने पांढरा धूर सोडायला सुरुवात केली. थंडीत सकाळी सगळ्याच गाड्या वाफ सोडतात म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. पण ही वाफ इंजिन तापल्यावरही थांबेना आणि तिला एक गोडसर, औषधी वास होता. कूलंटमधल्या ग्लायकोलचा तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. रेडिएटरच्या डब्यात बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ठोकळा यांच्यामधली पातळ सील, गेलेलं. गॅरेजमध्ये टाकली तर चार-पाच दिवस आणि हातात बिल. आणि मला गेली कित्येक वर्षं कुणीतरी हे उघडताना जवळून बघायचं होतं. शेवटी म्हटलं, दुसऱ्याचं कशाला बघायचं.

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये काम सुरू झालं आणि तासाभरात सल्लागार मंडळ भरलं. नाशकात ही एक गंमत आहे. सातपूर, अंबड आणि ओझर या कारखान्यांच्या तीन ठिकाणांनी मिळून आपल्या प्रत्येक सोसायटीत किमान दोन निवृत्त तज्ज्ञ नेमून ठेवलेत. पहिल्या मजल्यावरचे काका मायकोतले, डिझेलच्या नोझलमध्ये आयुष्य गेलेलं. सुई आणि तिच्या घरातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते तिथे काम केलेला माणूस, त्यांना माझा पाना धरायचा पहिलाच प्रकार बघवेना. ते वर निघून गेले. तिसऱ्या मजल्यावरचे काका एचएएलचे, ओझरला मिग विमानांवर काम केलेले. ते मात्र बसले. प्लॅस्टिकची खुर्ची आणली, पेपराची रद्दी आणली, पेपर फरशीवर पसरला आणि प्रत्येक पान्याभोवती बॉलपेनने त्याची आकृती काढली. दहाचा, बाराचा, चौदाचा, गोटी पाना, पक्कड. “संध्याकाळी आकृती रिकामी दिसली तर बॉनेट लावायचं नाही,” म्हणाले. “आमच्याकडे एक पाना भरला नाही तर विमान जागचं हलत नसे.” व्हॅक्यूमच्या पाइपांना त्यांनी मला कापडी चिकटपट्टीचे तुकडे लावायला लावले, दोन्ही टोकांना एकच आकडा. त्या लहानशा कार्बोरेटरला किती पाइप येऊन मिळतात हे ती पांढरी लेबलं लागेपर्यंत मला कळलंच नव्हतं.

हेड निघालं तेव्हा जे दिसलं ते मी अजून डोळे मिटून सांगू शकते. गॅस्केटची मधल्या सिलिंडरभोवतीची पत्र्याची कड एका जागी कुरतडल्यासारखी झालेली, शेजारीच पाण्याचं भोक. आणि खाली तीन पिस्टन: दोन्ही कडेचे काजळीने काळे, मधला लख्ख. अॅल्युमिनियमचा तो राखाडी उजेड मला फार सुंदर वाटला. काका वाकून म्हणाले, “वाफेने धुऊन निघालाय. पाणी इथूनच जात होतं.” म्हणजे पुरावा होता तो, आणि आम्ही तो बरोबर वाचला होता. त्या लख्ख पिस्टनने आणखी काय काय धुऊन टाकलं असेल हे तेव्हा कुणाच्याही मनात आलं नाही, काकांच्याही नाही.

हेड अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये फेसिंगला, म्हणजे खालची बाजू तासून सपाट करायला, दिलं. तिथल्या माणसाने सरळ पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून खालून फिलरची पाती सरकवून बघितली. ०.०५ मिलिमीटरची पाती शिरता कामा नये. इथे जाडी पातीसुद्धा आरामात आरपार जात होती. फेसिंग झालं, वॉल्व्ह घासून बसवले, वॉल्व्हची सीलं नवी घातली. बसवताना हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेर बाहेर, तीन टप्प्यांत, भावाच्या मित्राकडून आणलेल्या टॉर्क रेंचने. ठरल्या जोरावर तो रेंच हातात टक करतो. त्या आवाजाची चटक लागते. कमी-जास्त हाताच्या अंदाजाने करायचं नाही, पाना सांगेल तेव्हा थांबायचं, यात मला जन्मात मिळाली नव्हती अशी निवांतपणाची भावना होती.

थोडी कुरकुर करून गाडी सुरू झाली. आईने नारळ फोडला. पांढरा धूर गेला होता.

आणि मग त्या कामाचा खरा भाग सुरू झाला, ज्याबद्दल गाडी दुरुस्त केल्याच्या गोष्टी सांगणारे लोक सहसा बोलत नाहीत. इंजिन जोडून झालं की ते तुमचं राहत नाही, ते बोलायला लागतं, आणि सगळ्या तक्रारी एकदम करतं. मुंबई नाक्याच्या सिग्नलला तापमानाचा काटा वर जायला लागला. हीटर लावून बघितला तर आतून गार वारा. इंजिन तापलेलं आणि हीटर गार, हे ज्याला जुळवता आलं त्याला निम्मं उत्तर मिळालं: गरम पाणी हीटरपर्यंत पोचतच नाही, मध्ये हवा अडकून बसली आहे. कूलंट पूर्ण काढून पुन्हा भरलं की वरच्या वळणांमध्ये हवा धरते, आणि त्या हवेपाशी थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप, असेल तर त्याला पाणी तापल्याचं कळतच नाही, तो वेळेवर उघडत नाही. पार्किंगच्या उतारावर गाडी तोंड वर करून उभी केली, रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच काढलं, हीटर पूर्ण उघडा ठेवला आणि इंजिन चालू. वाट बघायची. ऐंशी-पंचाऐंशी अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट उघडला आणि रेडिएटरच्या तोंडातून मोठा, ओला, समाधानी ढेकर आला. पाणी एकदम खाली गेलं, भरलं, पुन्हा ढेकर. हीटरमधून गरम वारा यायला लागला तेव्हा जानेवारीच्या त्या संध्याकाळी आम्ही तिघं आळीपाळीने आत बसून हात शेकून आलो. झाकणाचं महत्त्वही काकांनी तेव्हाच सांगितलं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर, उघडं पाणी इथे अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळतं. झाकण दाब धरून ठेवतं म्हणून इंजिनातलं पाणी शंभरीच्या बरंच पुढे जाऊनही पाणीच राहतं. स्प्रिंग ढिली झालेलं झाकण म्हणजे चांगल्या हेडचा खून. आम्ही ते नवं घेतलं.

मग आयडलिंग. गाडी उभी असताना आपोआप रेस व्हायची, खाली यायची, पुन्हा वर. कान देऊन ऐकलं तर कार्बोरेटरच्या मागून बारीक फुत्कार. नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं टोक इंजिनावर फिरवत नेलं की आवाज कुठून येतो ते बोटभर अंतरात सांगता येतं. डॉक्टरांची नळी आणि मेस्त्र्यांची नळी यात फरक फक्त किमतीचा. चिकटपट्टीचं लेबल ‘चार’ असलेला पाइप वळणावर कडक होऊन चिरला होता. पक्कडीने हळूच दाबून धरला आणि इंजिन एकदम शांत झालं. वीस-पंचवीस वर्षं एकाच आकारात वाकून बसलेलं रबर आम्ही सरळ केलं, परत वाकवलं, आणि ते तडकलं.

तिसरी तक्रार सेल्फची. बॅटरी चांगली, तरी सकाळी सेल्फ मरगळल्यासारखा फिरायचा. काकांनी मल्टीमीटर आणला, एक वायर बॅटरीच्या मायनसला, दुसरी थेट इंजिनाच्या धातूला, आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. काटेकोर बघितलं तर तिथे जवळजवळ शून्य यायला हवं, अर्ध्या व्होल्टच्या वर तर नकोच. दीडच्या आसपास दिसलं. अर्थिंगची पट्टी घट्ट होती, बोल्ट हलत नव्हता, पण पट्टीच्या टोकाखाली गंजाचा पापुद्रा. “अशा वेळी अॅक्सिलरेटरच्या केबलला हात लाव,” काका म्हणाले. लावला, कोमट होती. सेल्फचा करंट फार मोठा, त्याला परत जायला धड रस्ता मिळाला नाही की तो चोक, अॅक्सिलरेटर, ज्या कुठल्या तारेतून बॉडीपर्यंत पोचता येईल तिथून घुसतो. अशा गाड्यांत केबल जळून निघालेल्या त्यांनी बघितल्या होत्या. पॉलिश पेपरने गंज खरवडला, खालचा धातू पिवळसर चमकला, सेल्फ खणखणीत फिरायला लागला.

या सगळ्या दिवसांत मी खूश होते, हे नोंदवून ठेवायला हवं. वैतागले, बोटं सोलली, नवऱ्याने दोनदा विचारलं की स्वयंपाकघरातला चमचा पार्किंगमध्ये काय करतो. पण आतून खूश. कारण प्रत्येक बिघाडाला पत्ता होता. मी हिशेब तपासून पोट भरते. ताळेबंद जुळत नाही आणि फरकाच्या रकमेला नऊने भाग जातो, तेव्हा आम्ही लोक हळूच हसतो: कुणीतरी ५४ लिहायच्या जागी ४५ लिहिलंय, आता फक्त शोधायचं. या इंजिनाचंही तेच चाललं होतं. काम झाल्यावर आलेला बिघाड, म्हणजे काम केलेल्या जागीच असणार. जिथे जिथे हात लागला त्या जागा मोजता येण्यासारख्या होत्या, लेबलंसुद्धा लावलेली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गाडी चालवून बघायची, मग पुढची. दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुण कशाने आला ते कळत नाही, आणि ते न कळता बरी झालेली गाडी पुन्हा बिघडते तेव्हा आपण पुन्हा पहिल्या पानावर असतो.

काकांचं मत याहून कडवट होतं. त्यांनी एक जुनी हकीकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या कोस्टल कमांडकडे लिबरेटर विमानं होती, अटलांटिकवर जर्मन पाणबुड्या हुडकायला. दर पन्नास तासांच्या उड्डाणानंतर त्यांची ठरलेली तपासणी व्हायची. सी. एच. वॅडिंग्टन म्हणून मूळचे जीवशास्त्रज्ञ होते, युद्धात त्यांना विमानांच्या आकडेमोडीला बसवलेलं. त्यांच्या मंडळींनी बिघाडांच्या नोंदी तासांप्रमाणे मांडल्या तर चित्र उलटंच निघालं: तपासणी करून विमान बाहेर पडलं की लगेच बिघाड वाढलेले, आणि मग जसजसे तास जातील तसतसे ते कमी होत जाणारे. तपासणी बिघाड टाळत नव्हती, काही प्रमाणात तीच घडवत होती. मग त्यांनी तपासण्यांची पद्धत बदलायला लावली आणि विमानं जास्त उडायला लागली. “त्यामुळे,” काका खुर्ची उचलताना म्हणाले, “चालतंय त्याला हात लावू नये.” आयुष्यभर चालत्या विमानांना हात लावून पेन्शन घेणाऱ्या माणसाने हे सांगावं, याचं मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं.

हात लावल्याने बिघडतं हे मला मान्यच होतं. चिरलेला पाइप त्याचीच साक्ष. पण त्याच काळात एक बोल्ट सापडला. दहा नंबरचा, गंजका, इंजिनाच्या खालच्या आडव्या पट्टीच्या खोबणीत चुंबक फिरवताना चिकटून आला. माझ्या पोटात गोळा. पेपरवरच्या आकृत्या भरल्या होत्या, डब्यातले बोल्ट जागच्या जागी गेले होते, मग हा कुठला? संपूर्ण इंजिन डोळ्यांनी पुन्हा जोडून बघितलं. शेवटी भावाने तो एका भोकात घालून बघितला, दुसऱ्यात बघितला, आणि त्याच्या आट्यांमधलं अंतरच वेगळं निघालं. या गाडीचा नव्हताच तो. आधीच्या मालकांपैकी कुणाच्या तरी मेस्त्रीच्या हातून, कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचा, कुठल्या तरी साली पडलेला. तो बरोबर घेऊन गाडी किती वर्षं पळत होती देव जाणे. भाऊ म्हणाला फेकून दे. मी ठेवला, हिशेबातली जुनी पावती टाकवत नाही, त्यातलाच प्रकार.

निळा धूर दिसला तो पावसाळा लागल्यावर, कल्याणला मावशीकडे जाताना. समृद्धीच्या बोगद्यातून आता लोक घाट न बघताच खाली उतरतात, पण ८०० घेऊन तिकडे जायची माझी छाती नाही, आणि कसारा घाट मला आवडतो. धुकं होतं. गाडी गिअरमध्ये ठेवून, अॅक्सिलरेटर सोडून उतरत होते. खाली सपाटीला पाय दिला आणि भाऊ खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाला, “ताई, निळा सोडला.” एकच झुळूक, मग नाही. माझ्या मनात लगेच पत्ता उमटला: वॉल्व्हची सीलं. उतारावर अॅक्सिलरेटर बंद असला की इंजिन जोरात हवा ओढायला बघतं, हवा मिळत नाही, आणि मग वॉल्व्हच्या दांड्याकडेने ऑइल आत खेचलं जातं. पाय दिला की ते जळून निळा धूर. सीलं मी बसवली होती. म्हणजे माझ्याच हाताचं. मनाला बरं वाटलं, अगदी उघडपणे बरं वाटलं.

पण परत येताना चढावर, इंजिन ओढत असताना, धूर होताच. पातळ, पण सलग. चढावरचा धूर सहसा सीलांचा नसतो. तो खालून येतो, पिस्टनच्या कडेने ऑइल वर येऊ न देणाऱ्या रिंगांकडून. आणि रिंगा खराब असतील तर उतारावरही ऑइल तेवढंच खेचलं जातं, तेव्हा उतारावरच्या त्या झुळकीवरून काहीच सिद्ध होत नव्हतं. डिपस्टिकवरची रेघ महिन्यागणिक खाली येत होती. मी सगळं पुन्हा तपासलं. जे जे हाताळलं होतं ते सगळं. काही सापडेना. माझ्या सगळ्या लेबलांच्या बाहेर कुठेतरी हा बिघाड बसला होता, आणि म्हणून मग द्वारका, ती गल्ली, आणि तो प्रश्न.

उस्तादांनी फार बोलणं केलं नाही. इंजिन गरम होतं, तिन्ही प्लग काढले, कॉइलची वायर सोडली, भावाला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायला सांगितला आणि प्लगच्या भोकात एकेक करून प्रेशरचा काटा लावला. पौंडात वाचतात ते: कडेचे दोन दीडशेच्या आसपास, मधला एकशे दहा. मग त्यांनी ऑइलच्या डब्यातून चमचाभर ऑइल मधल्या भोकात सोडलं आणि पुन्हा मोजलं. एकशे चाळीस. ही परीक्षा मला पुस्तकी माहीत होती, पण डोळ्यांसमोर काटा चढताना बघणं वेगळं. वॉल्व्ह गळत असता तर ऑइल टाकून काही फरक पडला नसता. रिंगा झिजल्या असतील तर ते ऑइल त्यांच्या फटी क्षणभर बुजवतं आणि दाब वाढतो. उस्ताद भावाला म्हणाले, “वरचं काम चांगलं झालंय. म्हणून तर खालचं बोलायला लागलं. इंजिन कामाला आलंय, आता पूर्ण उघडावं लागणार.”

मेस्त्री लोकांत हे जुनं म्हणणं आहे: हेड नवं केलं की जुन्या रिंगा उघड्या पडतात, वर वॉल्व्ह पक्के बसले की खालून ऑइल जास्त ओढलं जातं. असेलही. मला स्वतःला साधं कारण जास्त पटतं. धूर आधीही निळा होताच. गॅस्केटमधून येणारी वाफ एवढी दाट होती की तिच्याखाली निळं काही दिसणं शक्य नव्हतं, आणि ज्या पिस्टनवर ऑइलची काळी पुटं दिसायला हवी होती त्याच पिस्टनला ती वाफ रोज धूत होती. आम्ही ज्या लख्खपणाकडे बघून खूश झालो तो खरा होता, फक्त त्याने एकच गोष्ट सांगितली होती.

उस्तादांचं बोलणं ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. काम चांगलं झालंय, तेही त्या गल्लीत, त्या तोंडून. झाला नाही. थोडा झाला, मग पुढच्याच सिग्नलला विरून गेला. सीलं चुकीची बसली असती तर मी ती एका रविवारी काढून नवी बसवली असती आणि प्रकरण मिटलं असतं. आपली चूक निघाली की निदान ती आपल्या ताब्यात असते. इथे मी जे दुरुस्त केलं ते दुरुस्तच होतं, आणि त्यामुळेच आता दिसत होतं की त्याच्याखाली आणखी काय काय झिजलेलं आहे: तिसऱ्या मालकाने, दुसऱ्या मालकाने, कुणी कधी ऑइल बदललं, कुणी नाही बदललं, कुणी तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं. आता कळतं, द्वारकेला जाताना वाटेत मी मनातल्या मनात काय मागत होते. चूक माझीच निघू दे, म्हणत होते.

आमच्या कामातही असे हिशेब येतात. तुम्ही एक खातं नीट लावता आणि तोवर बरोबर दिसणारी एकूण बेरीज बिघडते, कारण दोन जुन्या चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असतात. अशा वेळी पार्टीचा माणूस हमखास विचारतो, मॅडम, तुम्ही काय हात लावला? पूर्वी मी रागवायचे. आता उस्तादांच्या बाजूनेही थोडं बघता येतं. त्यांच्याकडे येणाऱ्या दहातल्या कितीतरी गाड्या घरच्या खटपटीनंतरच येत असणार, आणि वॅडिंग्टनच्या विमानांनाही हात लागूनच बिघाड होत होते. प्रश्न चुकीचा नाही. पण त्याच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न यायला हवा, की हात लागायच्या आधी इथे काय झाकलेलं होतं. तो कुणी विचारत नाही. त्याला उत्तर देणारा माणूस समोर उभा नसतो.

आता बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, मोठं करून घ्यायचं, जाडे पिस्टन, नव्या रिंगा, की असंच महिन्याला ऑइल ओतत चालवायचं, यावर घरात वाद आहे. नवरा म्हणतो गाडी विकून टाक. आई म्हणते विकू नका पण त्या पार्किंगमध्ये पुन्हा बसू नका. मायकोवाले काका जिन्यात भेटले तेव्हा न विचारता म्हणाले, बोअर मोजताना वर, मध्ये आणि खाली मोज, आणि दोन्ही दिशांनी, नुसता गोल दिसतो म्हणून गोल नसतो. म्हणजे त्यांचा राग गेला. भावाने अंबडच्या त्याच वर्कशॉपला विचारून ठेवलंय आणि पितृपक्ष संपला की इंजिन उतरवायचं असं परस्पर जाहीरही केलंय.

मी म्हटलं, उतरवू. पण त्याआधी टॅपेट कव्हरवरून, म्हणजे हेडवरच्या झाकणावरून, एअर क्लीनरकडे जाणारा, इंजिनात कोंडलेली वाफ बाहेर सोडणारा ब्रीदरचा पाइप काढून बघू. तो तुंबला असेल तर खालच्या ऑइलच्या चेंबरमधला दाब ऑइलला वर ढकलतो, मग रिंगा असतील त्याच्यापेक्षाही वाईट दिसतात. “उस्तादांनी ऑइल टाकून बघितलं ना? काटा चढला ना?” भाऊ म्हणाला. चढला. तरी बघू. त्याला पक्कड पुरते, हेड उतरवायला लागत नाही, आणि तो पाइप आपण अजून काढलेलाच नाही.